मामांच्या भिंतीवरची आयव्ही

मामी तिला पाल म्हणायची. "अहो, तुमची पाल पुन्हा न्हाणीघराच्या खिडकीत शिरलीय, कापा जरा." मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आयव्ही म्हण. आयव्ही." मग दोघांपैकी कुणीच उठायचं नाही आणि रविवारी मला नाहीतर मामेभावाला कात्री देऊन स्टुलावर चढवलं जायचं.

एरंडवण्यातल्या एका आडगल्लीत मामांचं घर होतं. खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. आम्ही त्याला बंगला म्हणायचो, कारण तेव्हा पुण्यात स्वतःचं फाटक आणि पेरूचं एक झाड असलं की घराला बंगला म्हणायची पद्धत होती. पश्चिमेची भिंत जमिनीपासून कठड्यापर्यंत या वेलानं झाकलेली. बारीक, नखाएवढी पानं, एकावर एक अशी बसलेली की भिंतीचा रंग कोणता हे घर पाडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. (पिवळा होता.) मे महिन्यात तिन्ही खोल्या भाजून निघायच्या, तेव्हा त्या भिंतीमागची खोली जरा बरी असायची. मामी हे कधी कबूल करायची नाही. दुपारची झोप मात्र तिथेच काढायची.

मामा 1969 साली कारखान्यातर्फे सहा महिने इंग्लंडला शिकायला गेले होते. येताना त्यांनी एक रेनकोट, एक इलेक्ट्रिक रेझर आणि भिंतीवर चढणाऱ्या वेलाचं वेड आणलं. रेझर वर्षभरात बंद पडला. मग एका जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात त्यांनी एका माळ्याला विचारलं, "भिंतीला आपोआप चिकटणारं काही आहे का? आयव्ही?" माळी म्हणाला, "आहे की साहेब." त्यानं डब्यात लावलेलं रोप दिलं, ते सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आलं. साल 1971. एवढ्यावर आमच्या घरात आयव्ही आली.

(वेल तो की ती, यावर आमच्याकडे एकमत नव्हतं. तोंडलीचा वेल तो, जाईची वेल ती. आयव्ही मात्र पाल असल्यामुळे कायम ती.)

ती आयव्ही नव्हती हे मला कॉलेजात असताना कळलं, तेही वनस्पतिशास्त्रामुळे नव्हे, मी कॉमर्सची. गच्चीच्या कठड्याशी ती वेल वेगळीच वागायची. खाली भिंतीला चिकटलेली पानं नाजूक, पातळ. वर पोचल्यावर तिच्या फांद्या भिंत सोडून सरळ बाहेर यायच्या, जाड, काष्ठासारख्या, आणि त्यांना तळहाताच्या निम्म्याएवढी चामड्यासारखी पानं यायची. एकाच वेलीला दोन झाडांची पानं. एका वर्षी त्या फांद्यांवर हिरवी, पेरूच्या कळ्यांसारखी फळं धरली. मामेभावानं एक तोडलं तर देठातून पांढरा चीक आला. चिरलं, तर आत उंबर. म्हणजे अगदी तसाच पोकळ घुमट, आतून फुलांचं अस्तर. उंबर फोडून केंबरं उडवलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे कळायला पुस्तक लागत नाही. फक्त आत एकही केंबरू नव्हतं. वड, उंबर, अंजीर या साऱ्या घराण्याची हीच रीत आहे, ज्याचं त्याचं केंबरू ठरलेलं. ते आलं तर बी धरतं, नाहीतर फळ बहुधा नुसतंच गळून पडतं.

पुढे नाव कळलं, फायकस प्युमिला. जुन्या माळ्यांच्या तोंडी फायकस रेपन्स, नर्सरीत नुसतं वॉल क्रीपर. मूळची चीन-जपानकडची. म्हणजे आमच्या भिंतीवर इंग्लंड नव्हतं, वडाची चुलतबहीण होती.

मला तेव्हा फार मोठा शोध लागल्यासारखं झालं होतं. मी जेवणाच्या ताटावर जाहीर केलं, "मामा, ही आयव्ही नाहीये." मामा म्हणाले, "बरं." आणि आमटी मागितली.

खरी आयव्ही म्हणजे हेडेरा. युरोपातली ती हेडेरा हेलिक्स. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या लॉबीत कुंडीतून उभा असणारा शेफ्लेरा आणि औषधाच्या दुकानातलं जिनसेंग हे तिच्या कुळातले. तिचं पान पाच कोनांचं, काळपट हिरवं, शिरा पांढुरक्या. खोडाच्या एका अंगाला बारीक मुळांचे झुपके येतात, त्यांतून डिंकासारखं द्रव्य सुटतं आणि ती भिंतीला धरते. ती बांडगूळ नव्हे. झाडावर चढली तरी त्याचा रस पीत नाही, पाणी आपल्या जमिनीतल्या मुळांनीच घेते. आणि गंमत म्हणजे वयाची तीच तऱ्हा तिच्यातही आहे. चढेपर्यंत पानाला कोन, माथ्यावर उजेडात पोचली की कोन जातात, पान साधं बदामी होतं, चिकटणं संपतं, मग फुलं येतात. तीही अवेळी, शरदात, जेव्हा तिकडे मधमाश्यांना दुसरं फारसं काही मिळत नसतं. दोन कुळं, दोन खंड, आपसात काही नातं नाही, पण भिंतीवर राहायचं ठरवल्यावर दोघींनी आयुष्याची वाटणी सारखीच केली. माळ्याची चूक म्हणावी तर ती अगदीच वेडी चूक नव्हती.

आणि चूक करणारा तो एकटा कुठे होता? इंग्रजांनी जगभर जे जे चढताना दिसलं त्याला आयव्ही म्हटलं. बॉस्टन आयव्ही घ्या. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या विटांवर असते ती. ना ती बॉस्टनची, ना आयव्ही. ती जपान, कोरिया, चीनकडून आलेली आहे आणि कुळ नाशिकच्या द्राक्षाचं. मुळांनी नव्हे, तर तणाव्यांच्या टोकाला येणाऱ्या बारीक चकत्यांनी भिंतीला चिकटते, पावलं टेकवल्यासारखी. शरदात लाल होते आणि सगळी पानं गाळून मोकळी होते, जे हेडेरा कधी करत नाही. पुण्यात गल्लोगल्ली 'आयव्ही लीगची तयारी' असे फलक दिसतात, त्यातली बरीचशी आयव्ही ही अशी द्राक्षाची बहीण आहे, हे पोरांना सांगून त्यांचे मार्क वाढणार नाहीत. स्वीडिश आयव्ही आफ्रिकेच्या दक्षिणेची, तुळशीच्या कुळातली. जर्मन आयव्हीही तिथलीच, पण सूर्यफुलाच्या कुळातली. स्वीडन आणि जर्मनी यांत कुठून आले ते कुंडी विकणाऱ्यांना विचारावं.

पण हसायचं तर आधी आपल्या चाफ्याकडे बघावं. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या, आणि तो तर फुलाच्या देठाचाच आकडा करून वेलासारखा चढतो. देवळापुढचा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, अमेरिका खंडातून आलेला. भुईचाफा हळदीचा भाऊबंद. चौघांची कुळं चार. तरी आजीला या सगळ्यांना चाफा म्हणताना कधी अडखळावं लागलं नाही, कारण तिला कुळ नको होतं, वास हवा होता. इंग्रजांना चढणं दिसलं, आपल्याला वास आला. विलायती चिंच मेक्सिकोकडची आहे आणि ती चिंचही नाही, पण उन्हाळ्यात रस्त्याकडेला गुलाबी वेटोळी पडलेली दिसली की हे कुणाला आठवतं?

या सगळ्या खोट्या आयव्हींत एक मात्र आमच्या घरात खरोखरच घुसली. मामेभावाची मुलगी न्यू जर्सीला असते. एका उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर जंगलात चालायला गेली आणि दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर तिनं हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत पाण्यानं भरलेले फोड, ओळीनं. "पॉयझन आयव्ही, आजी." मामीनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला, म्हणाली, "अगं, बिब्बा उतलाय हा."

आम्ही हसलो. मी नंतर बघितलं तर मामी कुळासकट बरोबर होती. सतराव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांना ही वेल आपल्याकडच्या आयव्हीसारखी दिसली, म्हणून नाव. पण ती आहे आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं. नाव जपानी लाखेवरून आलेलं, कारण तिथल्या लाखेच्या झाडातही तेच. बिब्ब्याच्या काळ्या रसात आणि काजूच्या टरफलाच्या तेलात त्याचीच भावंडं. आंब्याचा चीक लागून ओठाच्या कोपऱ्याला जो फोड येतो, तोही त्याच घराण्याचा प्रसाद. धोबी कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे, ती धुतली तरी जायची नाही. पॉयझन आयव्हीचं तेलही कपड्याला, बुटाला, कुत्र्याच्या केसांना लागून राहतं आणि वेल न बघितलेल्या माणसालासुद्धा उततं. मामीनं नातीला तिळाचं तेल लावायला सांगितलं. तिनं डॉक्टरनं दिलेलं मलम लावलं. दोन आठवड्यांनी फोड गेले. दोघीही आपापल्या औषधाला श्रेय देतात.

मनी प्लांटला इंग्रजीत डेव्हिल्स आयव्ही म्हणतात, हे मी मामीला मुद्दाम सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो बाटलीत होता आणि तो तिनं समोरच्या काकूंकडून न विचारता तोडून आणलेला होता, कारण चोरून आणला तरच पैसा येतो. ज्याला आपण लक्ष्मी समजून कपाटावर ठेवतो त्याला ते सैतानाची वेल म्हणतात. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, आपल्या अळवाच्या कुळातला. जुन्या बंगल्यांच्या आंब्यावर चढलेला मनी प्लांट बघितलाय का? पान सुपाएवढं, कडेनं फाटलेलं. बाटलीतला तो जन्मभर पोरच राहतो, झाडाला धरून वर गेला की मोठा होतो. फूल मात्र तिथेही येत नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याला नीट बनवताच येत नाही, असं 2016 च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं. म्हणजे जगभरातले मनी प्लांट हे एकमेकांची तोडलेली कांडीच आहेत. मामीची चोरी त्या हिशेबानं फार जुन्या परंपरेतली.

आणि तोंडली. तोंडलीचं इंग्रजी नाव आयव्ही गोर्ड. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी मंडईत गाड्यासमोर उभी राहून एकटीच हसले. पान बघाल तर पटेल, तेच पाच कोन. मामांच्या मागच्या अंगणात, पालीच्या अगदी पाठीला, तारेवर तोंडलीचा वेल होता आणि त्याला कुणी कधी आयव्ही म्हटलं नाही. पन्नास वर्षं आमच्याकडे निदान नावापुरती तरी एक खरी आयव्ही होती, ती आम्ही उभी चिरून मसालेभातात घालत होतो.

तोंडलीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. म्हणून बी लावत नाहीत. फळणाऱ्या वेलाचं पेन्सिलीएवढं कांडं खोचतात. फळ पिकलं की लालभडक होतं. संस्कृत कवींनी नायिकेच्या ओठांना ज्याची उपमा देऊन देऊन झिजवलं ते बिंबफळ हेच. आता तोंडली पिकेपर्यंत वेलावर ठेवतं कोण? हिरवी असतानाच तोडून भाजी. वर पुन्हा 'फार खाऊ नका, बुद्धी मंद होते' हे प्रत्येक आजी ताट वाढता वाढता सांगणार. लग्नाच्या पंगतीत मसालेभाताची तिसरी मूद घेणाऱ्या पुणेकरांकडे पाहून हा समज कुणी तपासावा. तिकडे हवाईत ह्याच वेलानं झाडं आणि विजेचे खांब झाकून टाकले, म्हणून तो सरकारी यादीत उपद्रवी तण आहे. मामीला सांगितलं तर तिला ते फारच लागलं. "तोंडलीला तण म्हणतात? मसालेभातात काय घालतात मग ते?"

त्या वेलाचे तणावे मी तासन्‌तास बघितलेत. सुटा तणावा हवेत चाचपडत असतो. तार सापडली की टोक तिला दोन वेढे मारतं आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो, वेल तारेकडे ओढला जातो. नीट बघितलं तर स्प्रिंग मध्यापर्यंत एका दिशेनं वळते, मग एक छोटासा सरळ तुकडा, आणि पुढे उलट दिशेनं. दोन्ही टोकं बांधलेली असताना दोरी एकाच बाजूला पिळता येत नाही. एका अंगाचा पीळ दुसऱ्यानं फेडावाच लागतो. हे चार्ल्स डार्विननं लिहून ठेवलंय.

डार्विन आमच्या घरात शिरला तो मामांच्या दुखण्यात. 2019 च्या पावसाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात पाचव्या दिवशी सिस्टर आली आणि म्हणाली, "आजोबा, आयव्ही काढते हं आता." मामांनी डोळे उघडले. "काढू नका हो. पन्नास वर्षं लागली चढवायला." सिस्टरला काही कळलं नाही. तिनं हातातली सुई काढून कापूस दाबला. मामी कोपऱ्यात बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर दोन महिने मामा त्या पश्चिमेच्या खोलीत पडून होते. मी शनिवारी जाऊन त्यांना काहीबाही वाचून दाखवायची. डार्विनचं त्यांना आवडलं, कारण डार्विनही आजारी पडून खोलीत अडकला होता आणि त्यानं उशाशी हॉपच्या वेलाची कुंडी ठेवून तिचं टोक रात्रंदिवस कसं गोल फिरतं हे मोजलं होतं. वेलांवरचा त्याचा मोठा निबंध 1865 चा. त्यात पुढे फायकस रेपन्स आली. मी थांबले. पुन्हा वाचलं. ही भिंतीवर आयव्हीसारखी चढते, असं म्हणून त्यानं तिची कोवळी मुळं काचेच्या पट्टीला हलकेच टेकवून ठेवली होती. आठवड्याभरानं काचेवर स्वच्छ, किंचित चिकट द्रवाचे बारीक थेंब आले. जखमेतून येतो तसा दुधाळ चीक नव्हे, वेगळंच काही.

"म्हणजे आपलीच," मामा म्हणाले.

"आपलीच. पण मामा, आयव्ही नव्हे हो. आयव्हीसारखी."

"आयव्हीसारखी म्हणाला ना तो? बास."

मग थोड्या वेळानं, छताकडे बघत, "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं गं. तिकडच्या पानाला पाच टोकं असायची. हिला कुठली? पण एवढा सायकलवरून आणलेला डबा, परत कोण देणार?"

मी त्याआधी पाच वर्षं मसुरीहून त्यांच्यासाठी एक पान आणलं होतं. लंढौरच्या रस्त्यावर बांजाच्या झाडावर चढलेली हिमालयातली हेडेरा, आपल्या देशातली अस्सल आयव्ही. वहीत दाबून, कौतुकानं दिलं होतं. तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून "छान आहे" एवढंच म्हटलं होतं. आता कळलं का ते. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मी युरोपातल्या हेडेराची कुंडीही आणून बघितली होती. पावसाळा आणि थंडी तिनं छान काढली. मार्चमध्ये पानांमागे लाल कोळी दिसू लागले आणि एप्रिल संपायच्या आत तिचा कडबा झाला. पुण्याचा उन्हाळा तिला मानवला नाही. भिंतीवरच्या खोटीनं असे जवळजवळ पन्नास काढले होते.

मामा पुढच्या वर्षी गेले.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा बोलणी करायला आलेल्या माणसानं पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवून "या वेलीनंच भिंत खाल्ली" असं सांगितलं. ऑक्सफर्ड विद्यापीठानं इंग्लिश हेरिटेजसाठी जुन्या भिंतींवरच्या आयव्हीचा अभ्यास केला होता. मुळात धड असलेल्या भिंतीला ती ऊन-पावसापासून वाचवते, आधीच तडा असेल तर मात्र त्यात मूळ घालून तो वाढवते, असं त्यांना दिसलं. मी हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण आमची वेल ती आयव्हीच नव्हे, आणि भिंत तशीही पडणारच होती.

पाडापाडीच्या आदल्या दिवशी कांडी घ्यायला गेले. उशीर झाला होता. सामान काढायच्या धांदलीत मजुरांनी खालची वेल ओरबाडून टाकली होती. भिंतीवर तिच्या मुळांच्या वाळक्या ओळी तेवढ्या राहिल्या होत्या, मुंग्यांची रांग चितारावी तशा. वर कठड्याशी त्या जाड फांद्या अजून हिरव्या होत्या. त्यातल्या सहा कापल्या. पाच वाळल्या. एकीला फुटवा यायला चार महिने लागले.

ती आता मामीच्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे, सहाव्या मजल्यावर. मामी रोज कुंडी भिंतीला टेकवून ठेवते आणि वेल रोज भिंतीकडे पाठ करून उभी. चढत नाही, चिकटत नाही. जाड पानांचं झुडूपच झालंय. वयात आलेल्या फांदीचं कलम लावलं की ते वयातलंच राहतं, पुन्हा लहान होऊन भिंतीला धरत नाही, हे मला कापतानाच ठाऊक होतं. पण दुसऱ्या फांद्या उरल्या नव्हत्या. मामीला सांगितलं. तिला पटलं नाही. तिनं सुतळीनं एक फांदी ग्रिलला बांधून ठेवलीय, सवय लागावी म्हणून.

गेल्या महिन्यात त्या झुडपाला एक फळ धरलं. मामीनं ते फुगेपर्यंत वाट पाहिली, मग तोडून ओट्यावर ठेवलं आणि सुरीनं मधोमध चिरलं. चष्मा वर करून दोन्ही अर्धुकं उजेडात धरून पाहिली.

"केंबरं नाहीत," ती म्हणाली, आणि चीक सुकायच्या आत सुरी धुवायला गेली.